नव्वदीनंतरची कामं

२०११च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं आणि गोव्यात ११.२. केरळच्या खालोखाल आपण. हा आकडा गोव्यातल्या कुठल्याही सभेत म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की ऐकायला मिळतो. पण त्याचा मला फार उपयोग होत नाही, कारण साठी आणि पंच्याण्णव यांच्यामध्ये एक अख्खी पिढी बसते. आमच्या वाड्यावर एकसष्ट वर्षांचा मुलगा ब्याण्णव वर्षांच्या आईला रिक्षात बसवून फोंड्याला डॉक्टरकडे नेतो. सरकारी अर्जावर दोघंही ज्येष्ठ नागरिक. मला लिहायचं आहे ते त्या आईबद्दल आणि तिच्या बरोबरीच्या माणसांबद्दल.

ही माणसं कशातून आली आहेत ते आधी बघायला हवं. त्यांच्या हातातून तीन चलनं गेली. लहानपणी पोर्तुगीज राजवटीतली रुपिया, १९५८ नंतर एस्कुद, आणि १९६१ नंतर भारतीय रुपया. भारतानं केलेल्या १९५५च्या आर्थिक नाकेबंदीत बटाटे हॉलंडहून यायचे आणि तांदूळ पाकिस्तानातून, हे त्या काळच्या बायका आजही सांगतात. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा त्या तरण्याताठ्या होत्या. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात कुणी फुलावर मत दिलं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायला, कुणी दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला. एकाच घरात दोन मतं पडली आणि महिनाभर सासऱ्या-जावयाचं बोलणं बंद झालं, असे किस्से गावोगाव आहेत. लिबिया लोबो सरदेसाई याच पिढीतल्या, जन्म १९२४चा. १९५५पासून मुक्तीपर्यंत गोव्याच्या सीमेबाहेरच्या रानातून त्यांनी वामन सरदेसाईंबरोबर भूमिगत रेडिओ चालवला. २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या. इतकं पाहिलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘आजी, गोळी घेतली का?’ आणि तेवढ्यावर थांबतो.

माझ्या आईची मावशी पंच्याण्णवच्या पुढे आहे. आम्ही तिला मावशीआजी म्हणतो. घर कुळागराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, कडेला, मध्ये राजांगण, राजांगणात तुळस. घरात बोलणं कोकणी, वाचणं मराठी, रोजचं वर्तमानपत्र आल्याशिवाय तिची सकाळ सुरू होत नाही. एकदा मी तिला काही प्रश्न विचारले. ते माझे नव्हते. अतिवृद्ध माणसाचं मन किती प्रसन्न आहे हे जोखण्यासाठी फिलाडेल्फियाच्या वृद्धविज्ञान केंद्रातल्या एम. पॉवेल लॉटन यांनी १७ प्रश्नांचा एक संच १९७५ साली सुधारून दिला. जगभरच्या संशोधनात तो अजून वापरतात. प्रश्न साधे आहेत. एकटं वाटतं का? बारीकसारीक गोष्टींचा यंदा जास्त त्रास होतो का? गेल्या वर्षी होता तितकाच उत्साह आज आहे का? तरुणपणी होता तितकेच आज सुखी आहात का?

ती तेव्हा फाती, म्हणजे फुलांच्या वेण्या, करत होती. केळीच्या सोपटाचा ओला दोरा, मांडीवर अबोलीची परडी. मान वर न करता ती उत्तरं देत होती. एकटं वाटतं? ‘रात्री वाटतं. दिवसा वेळ कुठं असतो?’ उत्साह? ‘गुडघ्यांना नाही, मला आहे.’ मग मी तो प्रश्न विचारला जो त्या संचात मला सगळ्यात जड वाटतो. वय वाढतं तसा माणसाचा उपयोग कमी होत जातो, असं तुम्हाला वाटतं का?

तिचे हात थांबले. ‘हे प्रस्न खंयच्यान हाडले गो?’ कुठून आणलेस गं हे प्रश्न, असं तिनं विचारलं, आणि मग परडीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आणि देवाला फाती कोण करतं?’

तिच्या घरच्या देवांना आणि वाड्यावरच्या देवळाला रोजच्या फाती तिच्या हातच्या जातात. सून अर्ध्या वेळात त्या करू शकेल, मंगेशीच्या देवळाबाहेर त्या विकतही मिळतात. तरी सकाळी साडेसातला पुजाऱ्याचा मुलगा सायकलवरून येतो आणि बल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या सोप्याच्या, कठड्यापाशी उभा राहून हाक मारतो. ती हाक तिच्या दिवसाचा कणा आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. उद्याही कुणीतरी येऊन आपल्या हातून काहीतरी नेणार आहे, हे माहीत असणं.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात पंच्याऐंशी वर्षांच्या सुमारे सहाशे माणसांचा अभ्यास झाला. त्याचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी शरीर, बुद्धी, लोकांमधला वावर आणि मनाची प्रसन्नता या सगळ्यांची कसोटी लावली, तेव्हा ‘यशस्वी वार्धक्य’ म्हणावं अशी माणसं दहा टक्केच निघाली. मग त्यातल्या काहींशी त्यांनी घरी बसून निवांत बोलणं केलं. ती माणसं स्वतःला पराभूत समजत नव्हती. बदलत्या शरीराशी जुळवून घेणं यालाच ती यश म्हणत होती, आणि धडधाकट शरीरापेक्षा माणसांचा सहवास त्यांना मोलाचा वाटत होता. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १९२१ साली जन्मलेल्या लोकांची २००६पासून अशीच तपासणी झाली. आजार नाही असा एकही माणूस सापडला नाही. पुरुषांना सरासरी चार, बायकांना पाच दुखणी. तरी आपल्या वयाच्या इतरांच्या मानाने माझी तब्येत चांगली आहे, असं म्हणणारे शंभरात जवळजवळ अठ्ठ्याहत्तर होते.

ही माणसं स्वतःची समजूत घालत होती, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. मावशीआजीला ऐकायला कमी येतं, एका डोळ्यात मोतीबिंदूनंतरही धुरकट दिसतं, रक्तदाब आहे, कंबर वाकलेली आहे. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण ती दिवसाची मोजदाद दुखण्यांनी करत नाही. आज फुलं किती आली, पावसानं अबोली कुजली का, वर्तमानपत्रात कुणाच्या निधनाची बातमी आहे, म्हशीला काय झालं, अशी तिची मोजदाद चालते.

आणि इथंच आम्ही मधली पिढी फार नुकसान करतो, तेही प्रेमानं. ‘आता तुम्ही स्वस्थ बसा.’ हे वाक्य गोव्यातल्या प्रत्येक चांगल्या घरात ऐकू येतं. आमच्या शेजारच्या गावातल्या एका घराचं सांगते. मुलगा परदेशी बोटीवर, चांगला पगार, आईवर जीव. त्यानं स्वयंपाकघर नवं करून घेतलं. उभा ओटा, वरच्या बाजूला कपाटं, नारळ खवायला विजेवर चालणारं यंत्र. जुनी आदोळी, म्हणजे विळी, माळ्यावर गेली, कारण हात थरथरतो, बोट कापेल. त्या आजी ऐंशी वर्षं जमिनीवर बसून आदोळीवर नारळ खवत, भाजी चिरत आल्या होत्या. उभ्या ओट्यापाशी त्यांना पाच मिनिटं उभं राहवेना. त्यांची खुर्ची हॉलमध्ये टीव्हीसमोर आली. वर्षभरात त्या इतक्या उतरल्या की डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्टात खास काही निघालं नाही. जेवणात रुची नाही, बोलणं नाही, दुपारभर डुलक्या आणि रात्रभर जाग.

सुनेच्या लक्षात आलं. तिनं आदोळी खाली काढली नाही, ते धोक्याचंच होतं. तिनं मागच्या पडवीत पाट मांडला आणि तांबडी भाजी निवडायला दिली. मग लसूण. मग भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम आला, तेव्हा त्यांची सोलं वाळत घालायचं आणि कावळे हाकायचं काम पूर्ण त्यांच्याकडे. सोलांना मीठ कधी लावायचं, रस किती वेळा पाजायचा, ऊन किती द्यायचं हे सगळं आजी ठरवणार. त्या वर्षीची सोलं मुंबईला लेकीकडे गेली तेव्हा पिशवीवर कुणी केली ते लिहिलं होतं. आजी पूर्वीसारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही. त्या वयात तसं होत नसतं. पण त्या भांडायला लागल्या. सुनेनं मला ते आनंदानं सांगितलं.

अमेरिकेत एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी १९७६ साली कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, ही कुंडी तुमची, पाणी तुम्ही घालायचं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवायचं. दुसऱ्या मजल्यावर तशीच कुंडी दिली, पण झाडाची काळजी आणि बाकी सगळंच कर्मचारी बघतील असं सांगितलं. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी दिसू लागली. दीड वर्षानंतर त्यांच्यात मृत्यूही कमी झाले होते, असं या प्रयोगाबद्दल नेहमी सांगितलं जातं. मात्र नंतर त्या आकडेमोडीत दुरुस्ती करावी लागली, आणि माणसं मुळात शंभराच्या आतच होती. म्हणून कुंडीमुळे आयुष्य वाढतं असं मी कुणाला सांगणार नाही. उरलेल्या आयुष्यात जीव येतो, एवढं मला पुरतं. ते मी पडवीतल्या पाटावर पाहिलं आहे.

काम म्हणजे केवळ हातांचं काम, असंही नाही. चवथीच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे बघण्यासारखे असतात. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायची. सुपारीचे आणि नारळाचे घोस, तोरिंग, चिबूड, आंबाडे हे बाजारात मिळतं. खरी परीक्षा रानातल्या वस्तूंची. कांगलां, माट्टां, आणि अशी फळं ज्यांची नावं माझ्या पिढीला धड येत नाहीत. ती कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला, कुठल्या झाडावर चढलेल्या वेलीला लागतात, हे ज्यांना माहीत आहे ती माणसं आता ऐंशी-नव्वदीची आहेत आणि डोंगर चढू शकत नाहीत. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा खुर्चीत बसून पोरांना वाट सांगतात. ओहोळ ओलांडला की डावीकडे, मोठ्या किनळाच्या बुंध्यापासून वर. पोरं वरून फोनवर फोटो पाठवतात. नातू तो मोठा करून दाखवतो. आजोबा चष्मा काढून, फोन नाकाशी धरून बघतात आणि म्हणतात, ‘हें न्हय. पानां पळय.’ हे नव्हे, पानं बघ. पोरं परत शोधायला लागतात. त्या आठवड्यात त्या आजोबांना बघायला आलेल्या माणसाला अर्धा तास थांबावं लागतं. पौषात धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी, मांडावर रंगतात तेव्हा असंच होतं. ओवी पुढे कुणाला आठवत नाही, मग मागे शाल पांघरून बसलेल्या म्हातारीकडे सगळ्यांच्या माना वळतात.

एक वाक्य मात्र या वयातल्या जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी असतं. ‘आता देवान व्हरचें.’ देवानं न्यावं आता. मुलं हे ऐकून एकतर कासावीस होतात, नाहीतर ऐकलं न ऐकलंसं करतात. मी ते पुष्कळदा पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. बहुतेक वेळा त्यात जगण्याचा कंटाळा नसतो. या माणसांनी मरण घरात पाहिलं, भावंडं गेलेली पाहिली, काहींनी मुलं गेलेली पाहिली. मरणाशी त्यांची ओळख आहे आणि ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं ती मरणाबद्दल बोलतात. मावशीआजीनं स्वतःसाठी नेसवायचं लुगडं कपाटात वेगळं काढून ठेवलं आहे, ते कुठं आहे हे सगळ्यांना सांगून झालं आहे, आणि त्याच संध्याकाळी तिनं पुढच्या वर्षीच्या पापडांसाठी उडीद किती घ्यायचे ते सुनेला सांगितलं.

पण कधी तेच वाक्य वेगळं असतं. पेजेचा वाडगा तसाच परत जातो, वर्तमानपत्राची घडी मोडली जात नाही, नातवाचं नाव घेतलं तरी डोळ्यात काही हलत नाही, अंघोळीचा कंटाळा येतो. असे दोन आठवडे गेले तर ते ‘वयानं होतं’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य नव्वदीतही येतं आणि नव्वदीतही उपचारांनी हटतं. हे मी ठासून लिहिते आहे, कारण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या दुःखाला दुखणं मानत नाहीत.

म्हाताऱ्या बायकांचा घरातला मान शाबूत राहण्यामागे कायद्याचाही हात असतो, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पोर्तुगीज काळापासून इथं लग्नानंतर, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. नवरा गेला तर अर्धा वाटा बायकोचा राहतो, वारसांमध्ये वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. त्यामुळे कुळागर विकायचं तर नव्वदीच्या विधवेची सही लागते. मुलांच्या चांगुलपणावर तिचं घरातलं स्थान सर्वस्वी अवलंबून नसतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या आवाजात जी धार आहे, तिचं थोडं श्रेय मी या अर्ध्या वाट्याला देते. याच सहीसाठी त्यांच्यावर दबाव येतो, गोड बोलून कागद पुढे केले जातात, हेही पाहिलेलं आहे. अशा वेळी कागद वाचून दाखवणारं, घरातलं नसलेलं एखादं माणूस जवळ असावं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार रुपये फार नाहीत, पण ते तिच्या नावावर येतात आणि नातवंडांच्या हातावर दिवाळीला ठेवायला तिचे स्वतःचे असतात. त्याचं मोल रकमेत मोजू नये.

हे सगळं भरल्या घरांचं झालं. प्रत्येक वाड्यावर बंद घरंही आहेत. मुलं आखातात, लंडनला, पुण्याला. काही घरांत एकच म्हातारं माणूस आणि सकाळ-संध्याकाळ येणारी एक बाई. जून ते सप्टेंबर हे चार महिने त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वाट चिकट होते, वीज जाते, एकदा पडलं की कंबरेचं हाड मोडतं आणि मग माणूस फारसं उठत नाही. म्हणून ती माणसं घराबाहेर पडतच नाहीत. देऊळ सुटतं, भजन सुटतं, दुकानाच्या बाकावरच्या गप्पा सुटतात. त्यांना मनाची उभारी ठेवा असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्यांच्या पायरीला कठडा हवा आहे. घरी सांभाळणाऱ्या सुना-लेकींबद्दलही आपण पुरेसं बोलत नाही. त्या स्वतः साठीच्या, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि वर्षानुवर्षं त्यांना एक रात्रही सलग झोप मिळालेली नसते. म्हाताऱ्या माणसाचं सुख आपण मोजू तेव्हा हिची झोपही त्यात धरावी.

ज्यांची स्मृतीच गेली त्यांच्यापाशी माझं हे सगळं म्हणणं तोकडं पडतं. आमच्या ओळखीतले एक आजोबा पूर्वी भजनात झांज धरायचे. आता त्यांना मुलगा ओळखू येत नाही. कुणी गजर सुरू केला तर मांडीवर हाताचा ताल बरोबर पडतो, समेवर चुकत नाही. पण गजर थांबला की ते पुन्हा घाबरतात आणि आपल्या घरी नेऊन सोडा म्हणून विनवतात. ते सुखी आहेत का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी वीस मिनिटं गजर म्हणतो. त्याला सूर नाही, तरी म्हणतो.

कठड्याचं काम आता मार्गी लागेल असं दिसतं. माटोळीवाल्या आजोबांनीच ते हातात घेतलं आहे. देवळाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा, रेशन दुकानासमोर पाठ टेकता येईल असं बाक, आणि पावसाळ्यापूर्वी वाड्यावरच्या पायऱ्यांचं शेवाळ घासून काढायला पंचायतीची माणसं, असा तीन मागण्यांचा ठराव त्यांनी येत्या रविवारच्या ग्रामसभेसाठी लिहून काढला आहे. वहीच्या पानावर, शाईच्या पेनानं, मराठीत. मी तो टाइप करून देते म्हटलं तर चालेल म्हणाले, पण एकही शब्द बदलायचा नाही. अनुमोदक म्हणून त्यांना मावशीआजीचं नाव हवं आहे. तिला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून पुजाऱ्याचा मुलगा आणि त्याचा मित्र तिला खुर्चीत बसवून नेणार आहेत. सभा दहाला सुरू होते. तिनं त्यांना नवाला यायला सांगितलं आहे, म्हणजे पुढच्या रांगेत जागा मिळेल आणि तिला नीट ऐकू येईल.